पिकअपचं मॉड्यूल पुन्हा पुन्हा जळतंय? तिसरं विकत घेण्याआधी एवढं तपासा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी किंवा देवगडातून आंब्याच्या पेट्या घेऊन निघणाऱ्या पिकअपमध्ये हे दुखणं आता ओळखीचं झालंय. इंजिन चेकचा दिवा लागतो, गाडी ओढत नाही, कधी सेल्फच घेत नाही. स्कॅनर लावला तर ईसीयूशी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या मॉड्यूलशी, बोलणंच होत नाही. मॉड्यूल बदललं की गाडी पळते, आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा घाटात उभी राहते.

एकच मॉड्यूल दोनदा गेलं, तर दोष बहुतेक वेळा त्याच्या डब्याबाहेर असतो. त्याला मिळणाऱ्या करंटमध्ये, अर्थमध्ये (करंट बॅटरीच्या मायनसकडे परत जातो ती जोडणी), कपलरमध्ये (वायरींचा प्लग) शिरलेल्या पाण्यात, नाहीतर ते ज्या रिलेला (विजेवर चालणारा स्विच) किंवा सोलेनॉइडला (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) चालवतं त्यात. हे इंजिनच्या ईसीयूला जेवढं लागू आहे तेवढंच बॉडी कंट्रोल (दिवे, वायपर वगैरे), एबीएस (ब्रेक) आणि ग्लो प्लगच्या (थंड डिझेल इंजिन तापवणाऱ्या) मॉड्यूललाही. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर आणि वायरिंग दोन्ही वाढली, त्यामुळे पाणी शिरायच्या जागाही वाढल्या.

हत्यारं फार लागत नाहीत. डिजिटल मल्टिमीटर, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी, कपलरच्या मागून घालायच्या बारीक पिना, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, आणि कोड वाचणारा स्कॅनर.

किनाऱ्यावर कपलर का कळकतात

मिठाचा एक गुण इथे नडतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. किनारपट्टीला रात्री आणि पहाटे आर्द्रता याच्या वर असणं ही रोजची गोष्ट. म्हणजे कपलरवर खाऱ्या वाऱ्याचा पातळ थर बसला, की पाऊस नसतानाही तो रोज पहाटे ओला होतो. त्यातून बारीक करंट वाहू लागतो आणि प्लसच्या बाजूची पिन आधी खाल्ली जाते. पाटावरचं तांब्याचं भांडं घासलं नाही तर कळकतं, तसंच हे, फक्त करंटमुळे वेग कितीतरी जास्त.

मासळीच्या गाडीत यावर बर्फाच्या पाण्याची भर पडते. क्रेटमधून गळणारं खारट पाणी हौद्याच्या फटीतून चासीवर उतरतं आणि मागच्या दिव्यांच्या कपलरवर, चाकाच्या एबीएस सेन्सरवर, डिझेल टाकीवरच्या जोडणीवर थेंब थेंब पडत राहतं. जांभ्याच्या रस्त्यावरची लाल धूळ त्यावर बसली की ओल धरून ठेवते.

आणखी एक गोष्ट पुष्कळ वायरमनच्या लक्षात येत नाही. पाणी वायरीच्या आतूनही चढतं. इन्सुलेशन एका जागी फुटलं की तांब्याच्या बारीक तारांमधून ते दिव्यातल्या वातीसारखं पुढे सरकतं आणि दोन-तीन मीटरवरच्या ईसीयूच्या कपलरमध्ये निघतं. वरून कपलर कोरडा ठाक, सील शाबूत, आणि आत पिन हिरवी. अशी एकच पिन हिरवी दिसली तर कपलर पुसून गप्प बसू नका. त्याच वायरीच्या दुसऱ्या टोकाला जा, चोर तिकडे आहे.

आधी वेळापत्रक विचारा

मीटर काढण्याआधी ड्रायव्हरला बसवून विचारा: मॉड्यूल नेमकं कधी गेलं आणि त्याच्या आठवडाभर आधी गाडीवर काय काम झालं? वॉशिंग सेंटरवरून आल्यावर किंवा पहिल्या पावसात गेलं तर पाणी. हौद्याला पत्रा मारल्यावर गेलं तर वेल्डिंग. बॅटरी उतरली होती आणि कुणाच्या तरी गाडीवरून जंप घेतला, तर ओव्हर व्होल्टेज. त्यात तो जंप चिरे वाहणाऱ्या २४ व्होल्टच्या मोठ्या ट्रकचा असेल तर पुढचं शोधायची गरजच उरत नाही. अल्टरनेटर बांधून आणला आणि पंधरा दिवसांत गेलं तर रेग्युलेटर किंवा डायोड. घाटात चढाला बंद पडते आणि थंड झाली की चालू होते, तर ते मॉड्यूल कदाचित गेलेलंच नाही. इंजिन हलल्यावर ताणली जाणारी वायर किंवा गरम झाल्यावर उघडणारा सांधा असतो.

स्कॅनरवरचे कोड पुसण्याआधी लिहून घ्या. पी ०५६२ म्हणजे सिस्टिमचं व्होल्टेज कमी, पी ०५६३ म्हणजे जास्त. पी ०६४१ आणि पी ०६५१ सेन्सरच्या ५ व्होल्टच्या लाइनबद्दल बोलतात. यू ०१०० म्हणजे इंजिन मॉड्यूलशी संपर्क तुटला. ते मेलंय असा त्याचा अर्थ नाही. त्याचा फ्यूज उडाला किंवा अर्थ सुटला तरी हाच कोड येतो. या एका कोडवर चांगली मॉड्यूलं भंगारात गेलेली आहेत.

जुनं मॉड्यूल टाकू नका, उघडा

निकामी ठरलेलं मॉड्यूल सगळं सांगतं. वॉरंटी संपली असेल तर झाकण सोडवून उजेडात बघा. (एअरबॅगचं मॉड्यूल मात्र उघडायचं नाही, त्याच्या पिवळ्या वायरीत मीटरही घालायचा नाही.)

पिनांच्या बाजूला हिरवा-पांढरा थर आणि पट्ट्या खाल्लेल्या दिसल्या तर पाणी. प्लस येतो तिथला संरक्षक डायोड फुटलेला किंवा काळा पडलेला असेल तर व्होल्टेज वर गेलं होतं. अर्थच्या पिनेकडची जाड पट्टी फुगून उचलली असेल तर सेल्फचा करंट मॉड्यूलमधून परत गेला, म्हणजे इंजिनची मुख्य अर्थ खराब आहे. बोर्ड स्वच्छ आणि एकाच पिनेचा करंट चालूबंद करणारी चिप (ड्रायव्हर) जळलेली, तर ती पिन कुठे जाते ते वायरिंग डायग्राममध्ये शोधा. त्या टोकाचा रिले, सोलेनॉइड किंवा वायर शॉर्ट आहे. साध्या १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल ७० ते १०० ओमच्या आसपास दाखवते. ती २०-२५ ओम दाखवत असेल तर नवं मॉड्यूलही त्याच पिनेवर जळणार.

आणि आत काहीच दिसलं नाही, तर ते मॉड्यूल जपून ठेवा. कदाचित ते चांगलंच आहे.

बॅटरी आणि अल्टरनेटर

हे पाच मिनिटांचं काम आहे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. काही नव्या गाड्यांत ईसीयूच अल्टरनेटरला वरखाली करतो, तिथे आकडा मधूनच १२.८ वर दिसला तर दचकू नका. पण १५ च्या वर राहत असेल तर गाडी तिथेच बंद करा.

आता मीटर एसी व्होल्टवर ठेवा. आधी इंजिन बंद असताना बॅटरीवर लावून पाहा, शून्य आला पाहिजे; तुमचा मीटर तिथेच आकडा दाखवत असेल तर तो या कामाचा नाही. मग इंजिन २००० आरपीएमवर, दिवे चालू. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ०.५ च्या वर गेला तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय. डीसी आकडा बरोबर दिसतो म्हणून हा दोष महिनोन्महिने लपून राहतो आणि मॉड्यूलला मार खावा लागतो.

अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढायची जुनी सवय मात्र सोडा. बॅटरी हा सगळ्या उसळ्या गिळणारा हौद असतो. तो मध्येच काढला की चार्ज करत असलेल्या अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कित्येक पटीने वर जातं. सैल टर्मिनलही खड्ड्याखड्ड्याला हेच करतं, फक्त कुणी बघत नसतं.

अर्थ: इथे जास्त वेळ द्या

किनाऱ्यावरच्या गाडीत मॉड्यूल मरण्याचं मूळ इथे फार वेळा सापडतं. ओम मोजून अर्थ तपासू नका. पन्नास तारांपैकी एक तार उरली तरी मीटर शून्य ओम दाखवतो. करंट वाहत असताना किती व्होल्ट वाया जातात ते मोजायचं.

मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावरच ठेवा, त्याच्या क्लॅम्पवर नाही. दुसरं टोक इंजिनच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या जागी. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या आत हवं. मग इंजिन चालू, दिवे-वायपर-ब्लोअर चालू, आणि दुसरं टोक केबिनच्या धातूवर: ०.१ च्या आत. शेवटी मॉड्यूलच्या अर्थ पिनेवर, कपलर जोडलेलाच ठेवून मागून पिन घालून: ०.०५ पर्यंत चांगलं, ०.१ च्या वर दुरुस्ती हवी. तसंच बॅटरीच्या प्लसपासून मॉड्यूलच्या प्लस पिनेपर्यंत ०.२ च्या वर पडत असेल तर फ्यूजची क्लिप, रिलेचे पॉइंट किंवा मधला कपलर तापतोय.

इंजिनची अर्थ कमजोर झाली की सेल्फचे दोन-तीनशे अँपिअर दुसरी वाट शोधतात. गियरची केबल, क्लचची केबल, आणि शेवटी ईसीयूच्या बारीक अर्थ वायरी. सेल्फ दोन-तीनदा मारल्यावर एखादी केबल कोमट लागत असेल तर निदान झालंच. केबिन रबरावर बसलेली असते, म्हणून तिला चासीपासून वेगळी पट्टी असते. ती गंजून तुटलेली सापडणं अगदी नेहमीचं.

दुरुस्ती अशी. स्टड सोडवा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू काढा. लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हिरवी असेल तर वायर मागे सोलत जा, जिथे तांबं लालसर दिसेल तिथून कापा आणि नवी कथिलाचा मुलामा दिलेली लग क्रिंप करा (पक्कडीने दाबून बसवा). सगळी वायर काळी असेल तर ती पूर्ण बदला. बॅटरी ते इंजिन ३५ चौरस मिमी, चासी ते केबिन १६ चौरस मिमीची मऊ केबल पुरते. आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, स्टार वॉशर घालून घट्ट आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा रंग लावा. क्रम चुकवू नका: आधी धातूला धातू, मग वरून जेली.

एकाच स्टडवर सहा लगा चढवलेल्या दिसल्या तर मॉड्यूलची अर्थ वेगळ्या स्टडवर न्या. बाहेरच्या हॉर्नची आणि फोकस लाइटची अर्थ तिथे अजिबात नको.

कपलर आणि पाणी

मॉड्यूलचा कपलर सोडण्याआधी इग्निशन बंद करून किमान ५ मिनिटं थांबा, मग बॅटरीची मायनस काढा. चावी काढल्यावरही ईसीयू थोडा वेळ जागा असतो.

कपलर उघडला की आधी वास घ्या आणि बघा, पुसू नका. पाणी कुठल्या बाजूने आलं याची खूण पुसली जाते. खारट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर एकटा पुरत नाही, कारण मीठ त्यात नीट विरघळत नाही. आधी डिस्टिल्ड वॉटरने धुवा. पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी तेच, फक्त बाटली अॅसिडची नाही हे पाहून घ्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल मारा, मऊ ब्रशने पिना घासा आणि पंख्याखाली दोन-तीन तास वाळू द्या. पेट्रोलने धुतलं तर रबरी सील फुगतं.

मादी पिनेत मीटरचं जाड टोक खुपसू नका. पिन सैल होते आणि मग सुधारलेल्या गाडीत नवाच दोष शिरतो. त्याच मापाची सुटी नर पिन घालून ओढून पाहा. अडकून यायला हवी, सरळ सुटली तर ती पिन बदला.

आता तो २१ वॅटचा बल्ब. मॉड्यूल काढलेल्या कपलरच्या प्लस आणि अर्थ पिनेत त्याच मापाच्या पिना लावून तो जोडा, आणि बॅटरीची मायनस परत लावून चावी चालू करा. जवळजवळ पावणेदोन अँपिअर ओढतो. पांढरा लखलखीत पेटला तर दोन्ही वाटा ठीक, पिवळट पेटला तर नाही. मीटर १२ व्होल्ट दाखवत असला तरी बल्बचं ऐका. पण हा बल्ब फक्त प्लस आणि अर्थच्या जाड लाइनवर लावायचा. सेन्सरच्या किंवा संदेशाच्या वायरीवर लावलात तर तुम्हीच मॉड्यूल जाळाल. कॉमन रेल इंजिनच्या इंजेक्टरच्या वायरीला तर चालू इंजिनवर हातही नको, तिथे बॅटरीच्या कित्येक पट व्होल्टेज असतं.

पाणी कुठून येतं हे शोधायला साधं होज पाइप आणि आत टॉर्च घेऊन बसलेला माणूस पुरतो. खालून वर जात ओता, एकेका जागी दोन-दोन मिनिटं, म्हणजे कुठे शिरलं ते कळतं. वायपरखालच्या खाचेतली भोकं आंब्याच्या आणि फणसाच्या पानांनी तुंबलेली असतात. तिथलं पाणी ब्लोअरमधून आत येतं आणि डॅशखाली थेट मॉड्यूलवर टपकतं. मग काचेचं रबर, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) वायरिंग येते तिथलं ग्रॉमेट (रबरी कडं), एसीची तुंबलेली नळी. नंतर कुणी फोकस लाइटची वायर ग्रॉमेटला भोक पाडून घातली असेल तर पागोळीचं पाणी त्या वायरीवरून घरंगळत आत येतं. वायरी मॉड्यूलकडे जाताना आधी खाली झोका खाऊन मग वर चढायला हव्यात, म्हणजे थेंब झोक्याच्या तळाशी गळून पडतो. कपलरचं तोंड शक्यतो खाली.

सगळा कपलर सिलिकॉनने लिंपून टाकायचा उपाय फार चालतो आणि तो वाईट आहे. आत राहिलेली ओल बाहेर पडत नाही. त्यातून व्हिनेगरसारखा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन असेल तर सुकताना त्यातलं अॅसिड तांबंच खातं. डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (वीज न वाहणारं ग्रीस) पातळ हात रबरी सीलवर फिरवा, तेवढं पुरे. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस नको.

वायर जोडताना पीळ देऊन इन्सुलेशन टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या पावसाळ्याची तारीख ठरवणं. चांगला क्रिंप आणि वर गोंदवाली स्लीव्ह. नुसत्या झाळणीचा सांधा हलत्या गाडीत झाळणी संपते तिथेच कडक होऊन तुटतो. आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) उघडलाच आहे तर उंदरांनी कुरतडलंय का तेही पाहा. शेताच्या कडेला उभ्या गाड्यांत भात कापणीनंतर हे ठरलेलं.

५ व्होल्ट आणि संदेशाच्या वायरी

पुष्कळ सेन्सर एकाच ५ व्होल्टच्या लाइनवर असतात. एकात पाणी गेलं की सगळे वेडे होतात आणि मॉड्यूलवर आळ येतो. इग्निशन चालू ठेवून ती लाइन मोजत एकेक सेन्सर काढा. ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात तो गुन्हेगार.

मॉड्यूलं एकमेकांशी बोलतात त्या संदेशाच्या लाइनसाठी बॅटरी काढून डायग्नॉस्टिक सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओम मोजा. ६० आला तर ठीक. १२० म्हणजे एका टोकाचा रेझिस्टर किंवा तिथवरची वायर तुटली. शून्याजवळ असेल तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. गेटवे (संदेश इकडून तिकडे पोचवणारं वेगळं मॉड्यूल) असलेल्या गाडीत मात्र हे आकडे सॉकेटवर मिळतीलच असं नाही, तिथे डायग्राम हवा.

बाहेरून लावलेलं सामान, वेल्डिंग, जंप

एलईडी बार, प्रेशर हॉर्न, म्युझिक, जीपीएस या सगळ्यांचे प्लस मॉड्यूलच्या वायरींना टोचून घेतलेले असतात. तपासणीपुरते सगळे सोडवा. परत लावताना थेट बॅटरीवरून, प्लस खांबापासून एक वीतभर अंतरात फ्यूज, आणि स्वतंत्र रिले. रिले आत डायोड किंवा रेझिस्टर असलेला घ्या. साध्या रिलेची किंवा हॉर्नची कॉइल बंद होताना शंभरावर व्होल्टची उलटी उसळी मारते, आणि ती जवळच्या मॉड्यूलच्या वाट्याला येते. फ्यूज उडतो म्हणून १० च्या जागी २० घालू नका.

हौद्यावर वेल्डिंग असेल तर बॅटरीची मायनस काढा, ईसीयू आणि एबीएसचे कपलर सोडवा, आणि वेल्डिंगची अर्थ सांध्याच्या वीतभर अंतरात लावा. ती बंपरला अडकवून मागे वेल्डिंग केलं तर मधल्या सगळ्या अर्थमधून करंट फिरतो.

नवं मॉड्यूल बसवताना

वरचे आकडे बरोबर आल्यावरच पाकीट फोडा. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. बहुतेक गाड्यांत चासी नंबर, इंजेक्टरवरचे कोड आणि चावीची ओळख त्यात भरावी लागते, म्हणून भंगारातला ईसीयू आणून लावला की गाडी सुरू होत नाही आणि लोक त्यालाही मेलेला समजतात. प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला स्थिर सप्लाय जोडा. मध्येच व्होल्टेज पडलं तर नवं मॉड्यूल तिथेच लटकतं.

बसवल्यावर इंजिनची अर्थ, केबिनची अर्थ, मॉड्यूलची अर्थ, चार्जिंग व्होल्टेज आणि एसी व्होल्ट हे पाच आकडे तारखेसह डॅशच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. मासळीच्या गाडीला १ जूनपासूनच्या मासेमारी बंदीत सवड मिळते, तेव्हा अर्थचे स्टड उघडून घासा, हौद्याखालचे कपलर गोड्या पाण्याने कमी दाबाने धुवा आणि वाळवा. बंदीत गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीची मायनस काढून ठेवा. उभ्या गाडीचा करंट ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवा. जास्त असेल तर कुठलं तरी मॉड्यूल झोपतच नाहीये, आणि तेच पुढचं गिऱ्हाईक असतं.